दुसऱ्याच्या गोठ्यात

चहा उतू गेला तेव्हा शेफालीची नजर मोबाईलवर होती, आणि मोबाईलवरच्या शेळ्या कमी होत होत्या. आधी तिला वाटलं, नेट गेलं असणार. धनकवडीतल्या त्या खोलीत नेट पाहुण्यासारखं यायचं, कधी उठून जाईल त्याचा भरवसा नाही. पण नेट नीट चालू होतं. कपाळावर चांद असलेली काळी गेली. मग लांब कानांची तांबडी. मग एक शिंग मोडलेली, जी फोटो काढताना शेफालीच्या ओढणीचं टोक चघळून मोकळी झाली होती, तीही गेली. गॅसवर चहा फसफसून विझला, खोलीभर जळक्या दुधाचा वास भरला, तरी ती उठली नाही. कुणीतरी निवांत बसून, निवडून निवडून पुसत होतं. मधेच थांबायचं, पुढची शोधायचं, पुन्हा पुसायचं. सगळ्या नाहीत, काही शेळ्यांना हात लावत नव्हतं, काहींना लावत होतं, आणि त्यातच काहीतरी हिशेब असल्यासारखा वाटत होता. ‘अरे, कोण आहेस तू?’ ती मोबाईललाच म्हणाली. आणि प्रश्न तोंडातून पुरता बाहेर पडायच्या आत मनानं उत्तर देऊनही टाकलं होतं: स्वरूप. संशयाला कुठं लांबून यावं लागतं? तो घरातच बसलेला असतो, आपण हाक मारायचा अवकाश. तिनं उठून गॅसचं बटण बंद केलं आणि ओट्यावरचा चहा फडक्यानं पुसायला घेतला.

ॲपचं नाव ‘अर्धल’. भोर-वेल्ह्याकडच्या माणसाला हे नाव उलगडून सांगावं लागत नाही, पुण्यात मात्र दर खेपेला सांगावं लागे. ज्याच्याकडे शेळी आहे पण चारायला माणूस नाही, तो ती दुसऱ्याच्या घरी सांभाळायला देतो. पिल्लं झाली की निम्मी याची, निम्मी त्याची. मालक खालच्या गावांतले, हमरस्त्याकडचे. सांभाळणारे वरच्या वाड्यांतले. कागद नाही, सही नाही, सगळा व्यवहार शब्दावर. आणि शब्दावर म्हणजे शेवटी संशयावर, हे शेफाली लहानपणापासून बघत आली होती, कारण ती कामथडीच्या कुंडलिकची मुलगी. या व्यवहारात एक रीत होती. सांभाळायला दिलेलं जनावर मेलं, तर सांभाळणाऱ्यानं त्याचा कान मालकाला आणून दाखवायचा. बिबट्यानं नेलं म्हण, साप चावून पान लागलं म्हण, दरीत पडलं म्हण, काय वाटेल ते म्हण, कान दाखव. कान दाखवला की विषय मिटला, आणि नाही दाखवला की तो पिढ्यान्‌पिढ्या मिटत नसे. ‘अर्धल’मध्ये त्या कानाच्या जागी फोटो आला, एवढंच. शेळीचा फोटो, मालक कोण, सांभाळतंय कोण, गाभण कधी, व्याली कधी. मालकालाही तेच दिसणार, सांभाळणाऱ्यालाही तेच. मग भांडायचं कशाला? असं शेफालीला वाटलं होतं, आणि स्वरूपला तर त्याहून जास्त वाटलं होतं. दोघं एका कंपनीत शेजारशेजारच्या खुर्चीवर बसत, तिथून दोघांनी एकाच महिन्यात राजीनामे दिले. लग्नाबिग्नाची भानगड नव्हती. पण ज्याच्याशी बोलताना शब्द तोलून बोलावं लागत नाही असा जगात तिला एकच माणूस मिळाला होता, आणि ही गोष्ट तिला कळत होती.

आता सगळं अडलं होतं ते एका निवडीवर. ॲपचं तोंड मोबाईलवर दिसतं, पण पोट दुसरीकडे असतं. कुठल्या तरी कंपनीच्या यंत्रांत, जिथं सगळ्यांचे फोटो, नावं, तारखा साठतात. त्याला क्लाउड म्हणतात. आई एकदा भाकरी थापता थापता म्हणाली होती, ‘मंजी तुमचा माल दुसऱ्याच्या गोठ्यात!’ शेफाली तेव्हा हसली होती, आणि नंतर तो शब्द काही केल्या डोक्यातून जाईना. गोठे तीन होते. एक परदेशातल्या बड्या कंपनीचा: लॉगिन, साठवण, सूचना, सगळं आयतं, सुरुवातीला फुकट, पण एकदा माल तिच्या साच्यात ओतला की बाहेर काढताना नाकी नऊ. दुसरा असा, की ज्याची रचना सगळ्यांना खुली. उद्या पटलं नाही तर बिऱ्हाड उचलून दुसरीकडे मांडावं. पण तिथं राखणही आपणच करायची. आणि तिसरा कुमारचा. कुमार हा स्वरूपचा मावसभाऊ. त्याची पुण्यात छोटीशी कंपनी, दहा-बारा पोरं, स्वतःचे सर्व्हर. स्वरूप म्हणायचा, ‘जवळचा माणूस आहे. अडलं तर फोन तरी उचलेल. त्या बड्या कंपनीत तू कुणाला फोन लावणारेस?’ शेफाली म्हणायची, ‘जवळचा आहे म्हणूनच नको.’ तो हसून सोडून द्यायचा. सध्या चाचणी बड्या कंपनीच्या सेवेवर चालू होती, तीही एकाच वाडीत. दसऱ्यानंतर दोन्ही तालुक्यांतल्या वाड्यांना ॲप खुलं करायचं होतं. एकदा का हजारो शेळ्या आत शिरल्या की मग गोठा बदलता येत नाही. म्हणजे ठरवायचं ते आत्ताच, दोघांनी मिळून. आणि नेमक्या याच वेळी शेळ्या नाहीशा व्हाव्यात?

तिनं नोंदी उघडल्या. कोण आत शिरलं, कधी शिरलं, कुठून शिरलं, हे सेवा लिहून ठेवते. शिरणाऱ्याचं नाव होतं ‘चाचणी’. वाडीत ओटीपी वेळेवर पोचत नाही, म्हणून सगळ्यांसाठी मिळून एकच दार ठेवलं होतं. ही कल्पना स्वरूपची. पासवर्ड तिला ठाऊक, स्वरूपला ठाऊक आणि वाडीतल्या वैष्णवीला. ठिकाणाच्या रकान्यात होतं: पुणे. पुणे! स्वरूप राहायला भोरला, पण काल त्याचा मुक्काम पुण्यातच, कुमारकडे. आता हेही खरं, की मोबाईलच्या नेटचं ठिकाण हे असंच भलतंच दिसतं. डोंगरातला माणूस पुण्यात दिसतो, पुण्यातला मुंबईत. हे शेफालीला माहीत नव्हतं थोडंच? तिनं स्वतः एका नव्या पोराला हे शिकवलं होतं. पण कावीळ झालेल्या डोळ्याला पिवळ्या रंगाचा पुरावा लागत नाही. वैष्णवीचा विचार तिच्या मनात आला तसा गेला. तिला कसं सापडेल पुसायचं बटण, ते दोन पायऱ्या आत आहे. मग एकेक जुनी गोष्ट उठून बसायला लागली. गेल्या आठवड्यात ती ऑफिसात शिरल्याबरोबर स्वरूपनं मोबाईल उपडा ठेवला होता. बोलता बोलता एकदा ‘आपण’ सोडून तो ‘मी ठरवलंय’ म्हणाला होता. आणि एकदा, चहाच्या टपरीवर, सहज म्हणाला होता, ‘बड्या कंपनीचा डेटा एकदा उडायला पाहिजे, मग पटेल तुला.’ तेव्हा ती हसली होती. आता त्या वाक्याचा अर्थ बदलला, वाक्य तेच राहिलं. सगळं कसं चपखल बसत गेलं, आणि इतकं चपखल बसलं की तिला एक विचित्र समाधानसुद्धा वाटलं. हे समाधान कुणाचं आहे ते तिला ओळखू येत होतं. तिचे वडील, आण्णा, वेल्ह्याच्या बाजारातून आले की त्यांच्या चेहऱ्यावर असंच काहीतरी असायचं.

भोरला एसटी स्टँडच्या मागं, भांड्यांच्या दुकानावर त्यांची ऑफिस म्हणून घेतलेली खोली होती. शेफाली दुपारी तिथं पोचली तेव्हा स्वरूप डबा उघडून बसला होता. पुण्याहून येताना तो घरी डोकावला होता, त्याच्या आईनं दोघांना पुरेल एवढी पिठलं-भाकरी दिली होती, रोजच द्यायची.

‘वाडीतल्या शेळ्या गेल्या,’ शेफाली उभ्याउभ्याच म्हणाली.

‘बघितलं. तुला फोन करणारच होतो.’

‘पण केला नाहीस.’

‘कुमारशी बोलत होतो. म्हटलं, असं आपोआप होतं का कधी, ते विचारून घ्यावं.’

दुसरं कुठलंही उत्तर चाललं असतं. तिनं पर्स टेबलावर ठेवली. ‘तू पुसल्यास?’

त्याला वाटलं, ही चेष्टा करतेय. तो हसला, आणि मग ती हसत नाहीये हे बघून त्यानं हातातला घास डब्यात परत ठेवला. ‘मी कशाला पुसेन गं?’

‘कुमारकडे जावं लागावं म्हणून.’

खाली दुकानात कुणीतरी पातेली वाजवून वाजवून बघत होतं. स्वरूप रागावला असता, ओरडला असता, तर तिला सोपं गेलं असतं. रागावलेला माणूस खरा की खोटा ते ती चटकन ओळखायची. पण तो एवढंच म्हणाला, ‘डेटा परत घालता येईल. माझ्याकडे गेल्या शनिवारची प्रत आहे.’

‘प्रत? तुझ्याकडे?’

‘दर शनिवारी काढून ठेवतो.’

‘मला न सांगता?’

‘हरवलं तर असावी म्हणून.’

‘कुणासाठी असावी?’ शेफालीचा आवाज चढला. ‘मालकांची नावं, सांभाळणाऱ्यांची नावं, सगळं तुझ्या लॅपटॉपवर. कुमारला किती सोपं जाईल रे! काढून टाक ती. आत्ता, माझ्यासमोर.’

त्यानं लॅपटॉप तिच्याकडे वळवला आणि प्रत काढून टाकली. कचऱ्याच्या डब्यातूनही काढली. मग क्लाउडवरचं मुख्य खातं तिच्या नावावर केलं आणि स्वतःचा प्रवेश स्वतःच रद्द केला. बराच वेळ लागला त्या सगळ्याला. शेवटी तो उठला. ‘झालं. आता माझ्याकडे काही नाही,’ तो म्हणाला, ‘अजून काय दाखवू?’ तो जिना उतरून गेला, डबा तसाच उघडा ठेवून. ती खिडकीशी उभी राहिली. जाताना तो वळून वर बघतो का हे ती बघत होती. त्यानं बघितलं नाही, आणि ह्याचाही अर्थ तिनं लावलाच. खरा असता तर वळला असता, असं तिनं मनाशी म्हणून घेतलं. मग भूक लागली होती म्हणून त्याच डब्यातली अर्धी भाकरी खाल्ली.

दोन दिवसांनी ती भोरहून वेल्ह्याच्या एसटीत बसली. वाडीत जाऊन शेळ्यांचे फोटो पुन्हा काढणं भाग होतं, ही झाली सांगायची गोष्ट. खरं म्हणजे तिला कुणाच्या तरी तोंडून ऐकायचं होतं की आम्ही मोबाईलला हातही लावला नाही. तेवढं कुणी म्हणालं की झालं. मग स्वरूपनं पुसलं हे पक्कं होणार होतं, आणि पक्कं झालं की दोन रात्री छातीवर बसलेलं हे ओझं उतरणार होतं. कारण मधून मधून, विशेषतः पहाटे, तिला वाटायचं, आणि त्यानं पुसलं नसेल तर? त्या विचारानं ती अंथरुणात उठून बसायची. स्वरूप गेला तर ‘अर्धल’ तिच्या एकटीच्यानं उभं राहणार नव्हतं. पण ॲपचं जाऊ दे, ॲपं उभी राहतात आणि पडतात. स्वरूप गेला तर मग कुणाशी बोलायचं? गाडी कामथडीवरून पुढं आली. रस्त्यालगतचं आपलं शेत तिला ओझरतं दिसलं, आणि आण्णा आठवले. ती लहान असताना वेल्ह्याच्या वरच्या वाडीतला हैबती अंगणात उभा होता, टोपी काढून हातात धरलेली. आण्णांनी त्याच्याकडे अर्धलीनं दिलेली पाठ, म्हणजे तरणी शेळी, बिबट्यानं नेली होती. ‘आण्णा, आख्खी उचलून न्हेली. कान कुठनं आणू म्या?’ हैबती म्हणत होता. आण्णा ओट्यावर बसून तंबाखू मळत म्हणाले, ‘हैबती, तुमच्याकडचा वाघ कान बी खातो व्हय रं?’ बसलेली माणसं खो खो हसली. शेफालीही हसली होती, सगळे हसले म्हणून. हैबती टोपी घालून चालत गेला, पार वेल्ह्यापर्यंत. त्यानंतर कितीतरी वर्षं आण्णा वेल्ह्याच्या बाजाराला जात ते काही घ्यायला नव्हे. तिथं बांधलेल्या शेळ्या न्याहाळायला. आपली ती पाठ एक ना एक दिवस सापडणार, म्हातारी होऊन का होईना, अशी त्यांची खात्री. शेवटच्या दुखण्यात, घोटभर पाणी पाजताना, ते शेफालीला म्हणाले होते, ‘हैबतीनं इकलीच आसनार ती.’ माणूस चालला होता आणि शेळी सुटत नव्हती! चाचणीसाठी शेफालीनं मुद्दाम हैबतीचीच वाडी निवडली, तेव्हा तिला वाटलं होतं, आपण जुनी काहीतरी भरपाई करतोय. आता नसरापूर फाट्यावर गाडी आत वळली, मार्गासनी गेली, विंझर गेलं, भाताच्या खाचरांत लोंब्या वाकलेल्या, बांधावर सोनकीची फुलं पिवळीधमक, आणि शेफालीच्या डोक्यात भलताच विचार शिरला. पुसल्याचा फायदा स्वरूपला होता, पण तो हैबतीला नव्हता का? नोंदच नाही म्हटल्यावर शेळीला पिल्लं झाली काय आणि नाही झाली काय, मालकाला काय कळणार? म्हणजे मघाचा संशय गेला नाही. नुसता सरकून बसला, दुसऱ्याला जागा करून दिली.

वेल्ह्यात उतरून ती चालत वर निघाली. तोरण्याचा माथा धुक्यात गेला होता. वाट चिखलाची, कमरेएवढ्या गवतातून जाणारी, आणि वाडी अशी, की कुत्री भुंकेपर्यंत ती आली हे कळत नाही. हैबतीच्या घराशी त्याची बायको चंद्राबाई गोठ्याच्या दारात राख पसरत होती. शेफालीच्या आधी लक्षात आला तो गोठ्याच्या दारावर टांगलेला गोणपाटाचा पडदा. मागच्या खेपेला तो नव्हता.

‘या की ताई,’ चंद्राबाई म्हणाली. पण उठताना ती पडद्यासमोर उभी राहिली.

‘मावशी, शेळ्या कुठंयत?’

‘तात्या घिऊन गेल्यात माळाला.’ हैबतीला ती तात्याच म्हणायची.

‘सगळ्या?’

‘च्या टाकू का? गूळ हाय.’

‘मावशी, आत काय आहे?’

‘आत कुठं काय. काय न्हाई आत.’

तेवढ्यात पडद्याआडून शेळी शिंकली. चंद्राबाईनं शेफालीकडे बघितलं, शेफालीनं चंद्राबाईकडे, आणि दोघींनाही हसू आवरेना. पण शेफालीचं हसू ओठांवरच राहिलं, आत ती म्हणत होती, सापडलं. तिनं जरा कडक आवाजात विचारलं, ‘मोबाईलातनं शेळ्या कुणी पुसल्या, मावशी?’

‘आमी,’ चंद्राबाई म्हणाली. सहज, राख झटकता झटकता. ‘म्या सांगितलं आन्‌ वैष्णवीनं पुसल्या. का? काय बिगाडलं का तुमचं?’

शेफाली ओट्यावर बसली. वैष्णवी, चंद्राबाईची सून, हात पुसत बाहेर आली. हिर्डोशीकडची पोर, बोलायला धीट. चंद्राबाई सांगत होती, पण असं आडून आडून, की शेफालीला दोनदा विचारावं लागलं. पुसल्या त्या सगळ्या गाभण होत्या. गाभण शेळी कुणाला दाखवत नाहीत, तिची चर्चा करत नाहीत, व्याल्याशिवाय तिला मोजत नाहीत. नजर लागते, गाभ टाकते. आजवर हे सोपं होतं, गोणपाट बांधलं की झालं. पण ह्या मोबाईलात म्हणे कामथडीचा माणूस बसल्या जागी बघतो, नसरापूरचा बघतो, त्यांच्या घरचे पाहुणेरावळेही बघतात. ‘एवढ्या डोळ्यांफुडं पोटुशी जनावरं हुभी करायची? बाईमाणूस असून तुमाला कळाया नगं?’ चंद्राबाई आता रागावलीच होती. ‘म्हून म्या हिला म्हनलं, झाक ती.’

‘झाकायचं बटन न्हवतं, ताई,’ वैष्णवी म्हणाली. ‘म्या लई हुडकलं. पार आत आतपातूर गेले. पुसायचंच व्हतं. म्हनलं, पुसू. व्याल्या की पुन्ना घालू फोटू, पिल्लांसकट.’

‘मग मला एक फोन करायचा ना!’

‘करून काय सांगायचं?’ वैष्णवीनं डोळे मोठे केले. ‘गाभण हायती म्हून सांगितलं, मंजी झालंच की मंग.’

झाकायचं बटण नव्हतं. होतं तरी कुठं? दाखवायला बटण, बदलायला बटण, पुसायला बटण. तिनं आणि स्वरूपनं महिनोन्‌महिने बसून मोबाईलवरचा एकेक पडदा आखला, कुठल्या कंपनीच्या पोटात काय ठेवायचं यावर भांडणं केली, पण एखादी गोष्ट खरी असूनही थोडे दिवस पदराखाली ठेवावी लागते, हे दोघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही. ॲप कशासाठी, तर सगळ्यांना सगळं दिसावं म्हणून. आणि तरीही, इतकं कानांनी ऐकूनही, मनाच्या तळाशी काहीतरी वळवळलंच: सोयीचं आहे हो हे! पिल्लांसकट घालू म्हणे. किती पिल्लं झाली हे कोण सांगणार, तुम्हीच ना? तिची तिलाच शिसारी आल्यासारखं झालं. अगं, तुझी वहिनी गरोदर होती तेव्हा आईनं पाचवा लागेपर्यंत शेजारणीलासुद्धा कळू दिलं नव्हतं. विचारलं तर ‘पित्त झालंय’ म्हणायची. म्हैस गाभण असली की आई तिच्या पाठीवर फाटकं घोंगडं टाकायची, उन्हाळा असो की पावसाळा. तू ते रोज बघितलंस आणि बाई, तू तेच विसरलीस! चंद्राबाईला काय वाटलं कोण जाणे, तिनं शेफालीचा दंड धरून तिला उठवलं आणि गोणपाटाचं टोक वर केलं. ‘बघ,’ ती हळूच म्हणाली. पहिल्यांदाच अगं-तुगं करत होती. ‘घरातली म्हून दावते. तोंडानं काय बोलू नगंस.’ आत अंधार, उबारा, लेंड्यांचा आणि ओल्या केसांचा वास. चांदवाली काळी होती, तांबडी होती, शिंग मोडलेली होती. सगळ्या जड झालेल्या, पाय दुमडून बसलेल्या, रवंथ करणाऱ्या. शेफालीच्या अंगठ्यानं सवयीनं बोटांच्या पेरांवर शेळ्या मोजायला सुरुवात केली, आणि तिनं मूठ मिटून घेतली. त्या क्षणी स्वरूप तिच्या डोळ्यांसमोर आला, लॅपटॉप तिच्याकडे वळवून धरलेला, आणि तिला रडूच फुटलं. चंद्राबाई घाबरली. ‘आगं, नजरंचं म्हनलं म्हून रडाया लागलीस व्हय? तुजी न्हाई लागायची.’

रेंज वाडीच्या टोकाला, उंबराखाली मिळते. वैष्णवी आणि चंद्राबाई तिच्याबरोबर तिथवर आल्या आणि जरा लांब, बांधावर बसून राहिल्या. फोन वाजत राहिला. तो उचलणार नाही असं तिला वाटलं, आणि तेवढ्यात त्यानं उचलला.

‘स्वरूप, मी वाडीत आहे. त्यांनीच पुसल्या होत्या. गाभण होत्या म्हणून. नजर लागू नये म्हणून.’

पलीकडे तो हसला. खरंखुरं हसला, टपरीवर हसायचा तसं. ‘अरे देवा. झाकायला काही ठेवलंच नव्हतं आपण.’

‘आपण’ म्हणाला तो. शेफालीनं डोळे मिटले. ‘माझं चुकलं रे. लई चुकलं. तू मला एकदाही चोर वाटायला नको होतास.’

‘हं.’

‘तू परत ये. तुझा प्रवेश मी आत्ता चालू करते. कुमारची सेवा घेऊ म्हणशील तर ती घेऊ.’

‘मला कुमारचं काही नकोय गं,’ तो म्हणाला. ‘मला कधीच नको होतं, सोय दिसली म्हणून बोललो. कुठलीही घे, सगळ्या सारख्याच. मी वेगळंच विचारतोय. समज, मी आलो. हजारभर शेळ्या आत आल्या. आणि एक दिवस पुन्हा काहीतरी नाहीसं झालं. होणारच, ॲप म्हटलं की होतंच. तेव्हा पहिल्यांदा माझं नाव तर नाही ना यायचं तुझ्या मनात?’

नाही, असं म्हणायचं होतं. दोन अक्षरं. ओठांपर्यंत आली होती. समोर धुकं उतरत होतं, बांधावर त्या दोघी गवताच्या काड्या मोडत बसल्या होत्या, आणि शेफालीनं, ज्याच्याशी बोलताना तोलावं लागत नाही अशा त्या एकमेव माणसाशी बोलताना, स्वतःच्या आत बघितलं. मघाशी गोणपाट वर केल्यावरसुद्धा तिचा अंगठा पेरं मोजत होता.

‘येईल,’ ती म्हणाली.

वारा आला. तिला वाटलं, रेंज गेली.

‘खोटं तरी बोलायचंस, शेफाली,’ तो म्हणाला. रागानं नाही, हळू. आणि फोन बंद झाला.

ती पुन्हा लावणार होती. नंबर काढला, आणि तसाच मोबाईल खाली केला. चंद्राबाई गुडघ्यावर हात टेकून उठली आणि जवळ आली.

‘लागला का गं?’

‘लागला.’

‘मंग? येतोय का त्यो मानूस?’

‘न्हाई, मावशी,’ शेफाली म्हणाली.